टर्बो इंजिनातील पाण्याचा फवारा

पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याच्या सिलिंडरांत अधिक हवा भरणे, कारण जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल जळू शकते. टर्बोचार्जर नेमके हेच काम करतो. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एरवी वाया जातात. त्यांच्या झोतावर एक छोटी टर्बाइन फिरवायची आणि तिच्याच दांड्यावर बसवलेल्या कॉम्प्रेसरने बाहेरची हवा दाबून इंजिनाला पुरवायची, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंटरूपाने मांडली. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-इंजिनाला असा टर्बो जोडून चालवला आणि विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकवता येते, हे दाखवून दिले. परंतु हवा दाबली की ती तापते, आणि या एका निसर्गनियमाने टर्बोच्या साऱ्या इतिहासाला वळण दिले आहे.

आधीच तापलेली हवा सिलिंडरमध्ये पिस्टनकडून आणखी दाबली जाते, स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागते, आणि ती पोचण्यापूर्वीच कडेला उरलेले मिश्रण वाढलेल्या दाबाने व तापमानाने आपोआप एकदम पेटते. या अवेळी पेटण्याला नॉकिंग म्हणतात. बाहेर धातूवर हातोडी वाजल्यासारखा आवाज येतो, आत दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात, आणि टर्बो जोरात चालू असताना हा प्रकार काही सेकंद जरी टिकला तरी पिस्टनचा माथा वितळू शकतो किंवा त्याला भोक पडू शकते. त्यावर नेहमीचे उपाय तीन होते, आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागत असे. इंजिनाचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते प्रमाण, कमी केले तर एरवीच्या संथ चालवण्यात इंजिन दुबळे होते. ठिणगी उशिरा पाडली तर पेट्रोलची उष्णता कामी न येता बाहेर जाते. आणि मिश्रणात गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडून त्याच्या बाष्पीभवनाने आतला भाग थंड ठेवायचा म्हटले तर ते जादा पेट्रोल अर्धवट जळून धुराड्यावाटे निघून जाते.

पाण्याचा विचार येतो तो या तिसऱ्या उपायापाशी. एक किलो पेट्रोलची वाफ होताना सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तर एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,२५० किलोज्यूल. पदार्थविज्ञानात जिला बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतात ती ही राशी पाण्याच्या बाबतीत पेट्रोलच्या सहापटीहून अधिक आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी पेट्रोल उधळण्यापेक्षा आत जाणाऱ्या हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडणे म्हणूनच कितीतरी शहाणपणाचे ठरते. मात्र एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. पाणी जळत नाही आणि स्वतः कोणतीही ताकद देत नाही. ते नॉकिंगची सीमा पुढे सरकवते. त्या मोकळ्या झालेल्या जागेत टर्बोचा दाब वाढवायचा, ठिणगी लवकर पाडायची किंवा पेट्रोल आवरते घ्यायचे, तेव्हा कुठे ताकद वाढते. त्यामुळे या तंत्राचा सारा भार जुळवणीवर आहे, आणि त्या जुळवणीची जोखीम अशी, की वाढवलेला दाब तसाच राहिला आणि टाकीतले पाणी संपले, तर इंजिन पूर्वीपेक्षाही अधिक धोक्यात येते. टाकी कोण भरणार आणि ती रिकामी झाल्यावर इंजिनाला ते कसे कळणार, या दोन प्रश्नांनी पाण्याच्या फवाऱ्याचे भवितव्य प्रत्येक पिढीत ठरवले आहे.

कल्पना स्वतः टर्बोपेक्षा जुनी आहे. पॅरिसचे पिएर ह्यूगों यांनी १८६० च्या दशकातील आपल्या गॅस इंजिनात सिलिंडर थंड ठेवण्यासाठी पाण्याचा फवारा वापरला होता, आणि त्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे दोनात बांकी यांनी पाण्याच्या साहाय्याने त्या काळच्या मानाने बरेच अधिक संपीडन साधणारे इंजिन बांधले. या प्रयोगांना शास्त्रीय पाया दिला तो केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी. त्यांनी १९१३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे मांडलेल्या निबंधात मोठ्या गॅस इंजिनांना बाहेरून पाण्याचे आवरण घालण्याऐवजी आतूनच, ज्या पृष्ठभागांना खरी झळ बसते त्यांच्यावर, पाण्याचे तुषार मारून थंड ठेवण्याची पद्धत सांगितली. हॉपकिन्सन १९१८ मध्ये विमान अपघातात मरण पावले. पण त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी नॉकिंगच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान दाबून हवा भरलेल्या इंजिनांवर प्रयोग करून, पाणी दिल्यास त्याच पेट्रोलवर किती तरी अधिक दाब सहन करता येतो, हे दाखवले.

तरीही ते तंत्र त्या वेळी बाजूला पडले, याचे कारण रसायनशास्त्राने अधिक सोयीचे उत्तर शोधले होते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोड्या प्रमाणात मिसळले तरी पेट्रोल नॉकिंगला बरेच दाद देईनासे होते. या सोयीपायी जगाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शिशाचे विष श्वासातून घेतले, हे विसरता येणार नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेट्रोलची ही सहनशक्ती मोजण्यासाठी ऑक्टेनची मोजपट्टी तयार झाली, आणि १९४० मध्ये ब्रिटनवरील हवाई लढाई सुरू झाली तेव्हा रॉयल एअर फोर्सची लढाऊ विमाने १०० ऑक्टेनचे पेट्रोल वापरत होती. पेट्रोलमध्येच गुण मिसळलेला असेल तर वेगळी टाकी, वेगळा पंप आणि वेगळी काळजी कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो पुढेही पुन्हा पुन्हा पाण्याच्या आड आला.

युद्धाने मात्र पेट्रोलच्याही मर्यादा ओलांडायला लावल्या. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे आर-२८०० डबल वॅस्प हे नऊ-नऊ सिलिंडरांच्या दोन वर्तुळांचे, एकूण अठरा सिलिंडरांचे आणि सुमारे ४६ लिटर क्षमतेचे इंजिन रिपब्लिक कंपनीच्या पी-४७ थंडरबोल्ट या लढाऊ विमानात बसवलेले होते, आणि त्याचा जनरल इलेक्ट्रिकचा टर्बो विमानाच्या मागच्या भागात होता, म्हणजे दाबलेली हवा लांबलचक नळ्यांतून आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून पुढे इंजिनापर्यंत येई. हे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे पूर्ण ताकदीवर त्याला भरमसाट पेट्रोल देऊनच सांभाळावे लागे, आणि टर्बोत आणखी दाब देण्याची कुवत असूनही नॉकिंगच्या भीतीने ती वापरता येत नसे. पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण फवारण्याची व्यवस्था बसवल्यावर सुमारे २,००० अश्वशक्तीचे हे इंजिन २,३०० अश्वशक्तीपर्यंत गेले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील तळांवरच्या थंडरबोल्ट विमानांत ही व्यवस्था बसवली जाऊ लागली. नौदलाच्या कोर्सेअर आणि हेलकॅट या विमानांतील, टर्बोऐवजी इंजिनाच्याच जोरावर फिरणारा सुपरचार्जर असलेल्या आर-२८०० इंजिनांनाही ती मिळाली आणि अशा इंजिनांच्या नावापुढे पाण्याचे निदर्शक म्हणून डब्ल्यू हे अक्षर लागू लागले.

या व्यवस्थेची खरी करामत पाण्याच्या पंपात नव्हती, तर त्याच्याशी बांधलेल्या इतर जुळवण्यांत होती. वैमानिकाने थ्रॉटलच्या दांडीवरील बटण दाबले की पाण्याचा प्रवाह सुरू होई. त्या पाण्याच्याच दाबाने कार्ब्युरेटरमधील एक झडप हलून केवळ थंडाव्यासाठी दिले जाणारे जादा पेट्रोल बंद होई आणि मिश्रण सर्वाधिक ताकदीच्या प्रमाणावर येई. त्याचबरोबर टर्बोच्या नियंत्रकाची मर्यादा वर सरकून दाब वाढे. पाण्याचा दाब गेला की पेट्रोलची झडप पूर्ववत होई. म्हणजे पाणी असेल तरच पेट्रोल कमी आणि पाणी नसेल तर जुने सुरक्षित प्रमाण, हा नियम वैमानिकाच्या स्मरणावर न सोपवता यंत्रातच गुंफलेला होता. शत्रूच्या पाठलागात किंवा त्याच्यापासून सुटताना वापरायची ही ताकद एका वेळी सुमारे पाच मिनिटांपुरतीच मान्य होती, आणि विमान तळावर उतरले की टाकी पुन्हा भरणे हे जमिनीवरील तंत्रज्ञांचे ठरलेले काम होते. शिस्तबद्ध माणसे, प्रत्येक उड्डाणानंतरची तपासणी आणि जुळवणी सांभाळणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळेच लढाऊ विमानांत पाण्याचा फवारा यशस्वी झाला. भारतातील तळांवरून १९४४ पासून ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उतरलेल्या रॉयल एअर फोर्सच्या थंडरबोल्ट विमानांतही हेच इंजिन होते.

जर्मनीत त्याच तंत्राला टंचाईची पार्श्वभूमी होती. तिथले विमानाचे पेट्रोल मुख्यतः कोळशापासून बनवले जाई आणि त्याची उत्तम प्रत पुरेशी मिळत नसे. एमडब्ल्यू ५० या नावाने ओळखले जाणारे द्रावण म्हणजे निम्मे मिथेनॉल, जवळजवळ निम्मे पाणी आणि गंज रोखण्यासाठी अर्धा टक्का तेल. मिथेनॉलमुळे ते उंचावरील कडाक्याच्या थंडीत गोठत नसे आणि मिथेनॉल स्वतः जळत असल्याने इंधनातही भर पडे. मेसरश्मिट १०९ विमानातील डाइमलर-बेंझचे डीबी ६०५ हे इंजिन मूळ १,४७५ अश्वशक्तीचे होते. १९४४ मध्ये आलेल्या त्याच्या एमडब्ल्यू ५० आवृत्तीने उड्डाणाच्या वेळी १,८०० अश्वशक्ती दिली, आणि फोके-वुल्फ १९० डी-९ मधील युंकर्सचे जुमो २१३ इंजिन १,७५० वरून २,१०० वर गेले. ही ताकद सलग दहा मिनिटे वापरता येई, मग इंजिनाला पाच मिनिटांची उसंत द्यावी लागे, आणि स्पार्क प्लग लवकर खराब होत. या जर्मन विमानांत टर्बो नव्हता, इंजिनाने फिरवलेला सुपरचार्जर होता. तो ज्या उंचीपर्यंत जादा दाब देऊ शके त्या उंचीपर्यंतच एमडब्ल्यू ५० चा लाभ मिळे, त्यावर मात्र फवारा निरुपयोगी ठरे, कारण तिथे नॉकिंगची नव्हे तर हवेचीच उणीव असे. थंडरबोल्टच्या टर्बोकडे उंचावरही दाबाची शिल्लक होती, आणि पाण्याचा फवारा टर्बोशी सर्वांत चांगला का जमतो याचे उत्तर या तुलनेत सापडते. १२ मे १९४४ पासून लॉयना आणि इतर कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर मित्रराष्ट्रांनी बॉम्बहल्ले सुरू केले. लॉयना हेच मिथेनॉलच्या उत्पादनाचेही मोठे केंद्र होते. पेट्रोल आणि त्याची उणीव भरून काढणारे द्रावण ही दोन्ही एकाच तडाख्यात सापडली. जपाननेही अशाच टंचाईपायी नाकाजिमाच्या होमारे इंजिनात पाणी-मिथेनॉल वापरले.

युद्धानंतर विमाने जेट इंजिनांकडे वळली आणि पाण्याचा फवाराही काही काळ त्यांच्याबरोबर गेला. बोइंगच्या आरंभीच्या जड जेट विमानांना उड्डाणाच्या वेळी पाण्याचा टेकू लागे आणि त्यांच्या मागे काळ्या धुराचे लोट उठत. भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात बांधलेले अॅव्हरो ७४८. त्याचे रोल्स-रॉइस डार्ट हे टर्बाइनवर पंखा फिरवणारे इंजिन उष्ण हवेत किंवा उंचावरील धावपट्टीवर गमावलेली ताकद पाणी-मिथेनॉलच्या फवाऱ्याने भरून काढी. तिथे नॉकिंगचा प्रश्न नव्हता, पण पाण्याची टाकी भरणारी, मोजणारी आणि नोंदवणारी शिस्त विमानतळावर तयार होती, आणि म्हणून तंत्र टिकले.

ती शिस्त नसलेल्या ठिकाणी पाण्याचे काय होते, हे कळले एप्रिल १९६२ मध्ये बाजारात आलेल्या ओल्ड्समोबील जेटफायर या मोटारीमुळे. टर्बो असलेल्या अगदी पहिल्या दोन विक्रीयोग्य मोटारींपैकी ही एक. दुसरी, जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागाची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर, जवळपास त्याच सुमारास आली. दोन्ही विभागांपुढे नॉकिंगचा प्रश्न एकच होता, पण उत्तरे वेगळी निघाली. शेव्हरोलेने इंजिनाचे संपीडन उतरवून ८ वर आणले आणि त्याबरोबर येणारा सुस्तपणा पत्करला. ओल्ड्समोबीलच्या अभियंत्यांना तो पत्करायचा नव्हता. ३.५ लिटरच्या, २१५ घन इंचांच्या त्यांच्या अॅल्युमिनियमच्या व्ही-८ इंजिनाचे संपीडन त्यांनी १०.२५ इतके चढे ठेवले, गॅरेट कंपनीचा टर्बो बसवला, त्याचा दाब वातावरणापेक्षा पाच पौंड प्रति चौरस इंच इतकाच राखला, आणि पाणी-मिथेनॉलचे निम्मे-निम्मे द्रावण फवारून नॉकिंग दूर ठेवले. २१५ घन इंचांतून २१५ अश्वशक्ती, म्हणजे घन इंचामागे एक, असा जाहिरातीला साजेसा आकडा निघाला. याच कुळातील साध्या इंजिनाची ताकद १५५ अश्वशक्ती होती.

द्रावणाला टर्बो-रॉकेट फ्लुइड असे भारदस्त नाव देऊन ते विक्रेत्यांकडे बाटल्यांतून ठेवण्यात आले. द्रावणाच्या टाकीत टर्बोचाच दाब पोचवून द्रावण वर ढकलण्याची युक्ती सोपी आणि चांगली होती, कारण दाब वाढला की फवाराही आपोआप वाढे. टाकी रिकामी झाल्यास डॅशबोर्डवर दिवा लागे आणि एक जादा झडप बंद होऊन टर्बोचा दाब रोखला जाई, त्यामुळे इंजिन सुरक्षित राही पण गाडी एकाएकी मरगळे. यंत्ररचनेच्या दृष्टीने थंडरबोल्टमधला नियमच इथे मोटारीत उतरला होता आणि अभियंत्यांच्या विचारात फारशी चूक दाखवता येत नाही. चूक होती ती मालकाविषयीच्या अपेक्षेत. पेट्रोल पंपावर टाकी भरून निघून जाण्याची सवय असलेल्या अमेरिकी मालकाला वेगळ्या बाटल्या विकत घेऊन वेगळ्या टाकीत ओतण्याचे कारणच उमगत नव्हते. अनेकांनी टाकी रिकामीच ठेवली आणि गाडीत जोर नाही अशी तक्रार केली. त्यात नळ्यांच्या, झडपांच्या आणि गळतीच्या कटकटींची भर पडली, आणि विक्रेत्यांच्या गॅरेजातील मेकॅनिकांनाही टर्बो ही वस्तू अपरिचित होती. १९६२ आणि १९६३ या दोन मॉडेल-वर्षांत मिळून ९,६०७ जेटफायर विकल्या गेल्या, त्यानंतर उत्पादन थांबले, आणि १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर विनामूल्य बसवून देण्याचा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला. बहुसंख्य गाड्यांतून ती यंत्रणा तेव्हाच नाहीशी झाली. अमेरिकी मोटार कंपन्यांनी पुढे दहा-बारा वर्षे टर्बोकडे संशयाने पाहिले, यामागे जेटफायरच्या अनुभवाचा मोठा वाटा होता, असे म्हणावे लागते.

१९७० च्या दशकात परिस्थिती पुन्हा पालटली. प्रदूषणाच्या नियमांमुळे अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले आणि त्याबरोबर ऑक्टेनही उतरले. दुसरीकडे तेलसंकटामुळे लहान इंजिनातून मोठे काम घेणारा टर्बो पुन्हा आकर्षक वाटू लागला. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या ९९ टर्बोचे दोन लिटरचे इंजिन १४५ अश्वशक्तीचे होते, आणि ज्यांना अधिक हवे त्यांच्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याची जोडणी मिळे, जिच्यामुळे ताकद १६० च्या आसपास जाई. याच काळात सुटे संच विकत घेऊन आपल्या गाडीवर बसवणाऱ्या हौशी मेकॅनिकांची परंपरा सुरू झाली आणि ती आजवर अखंड चालू आहे.

या मंडळींनी अनुभवाने घडवलेली जुळवणीची पद्धत नोंदवण्याजोगी आहे, कारण विमान कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जे सिद्ध झाले तेच त्यांनी गॅरेजमध्ये पुन्हा शोधले. विजेवर चालणारा पंप पाण्याला सात ते दहा बार, म्हणजे वातावरणाच्या तितक्या पट, दाब देतो आणि इंटरकूलरच्या पुढे व थ्रॉटलच्या अलीकडे बसवलेल्या नोझलमधून त्याचे धुक्यासारखे तुषार होतात. थेंब मोठे राहिले तर ते वळणावर नळीच्या भिंतीला चिकटतात आणि एखाद्या सिलिंडरला अधिक, एखाद्याला कमी पाणी मिळते. पाण्याचे प्रमाण साधारणपणे पेट्रोलच्या वजनाच्या १० ते २५ टक्के ठेवतात. फवारा सुरू होण्याचा क्षण टर्बोच्या दाबावर बांधलेला असतो, कारण दाब चढण्यापूर्वीच पाणी गेले तर ज्योत विझू लागते आणि इंजिन अडखळते. सावध मेकॅनिक प्रथम बाकी काहीही न बदलता पाणी वाढवत जातो, इंजिन जड झाल्याची पहिली खूण दिसताच थोडे मागे येतो, मग ठिणगी एकेक अंश लवकर पाडून पाहतो, त्यानंतर जादा पेट्रोल आवरतो आणि टर्बोचा दाब सर्वांत शेवटी वाढवतो. पाणी शक्यतो ऊर्ध्वपातित वापरतात, कारण नळाच्या पाण्यातील क्षार नोझलच्या बारीक छिद्रात साचतात. हा क्रम उलटा करून आधी दाब वाढवणाऱ्यांनी किती इंजिने गमावली असतील याची गणना कोणी ठेवलेली नाही, पण जाणकार मंडळी टाकीतील पातळी आणि नळीतील प्रवाह या दोन्हींवर संवेदक बसवून, प्रवाह थांबताच दाब उतरवणारी तजवीज करण्याचा आग्रह धरतात तो अशाच अनुभवातून.

साबने स्वतः मात्र दुसरी वाट धरली. कंपनीचे अभियंते पेर गिलब्रांड यांच्या पुढाकाराने १९८२ च्या मॉडेलांत आलेली एपीसी ही व्यवस्था इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेल्या संवेदकाने नॉकिंगची चाहूल घेई आणि क्षणार्धात टर्बोचा दाब उतरवी. मालकाने हलके पेट्रोल भरले तरी इंजिन त्याच्याशी जुळवून घेई. इंटरकूलरही तोवर सर्रास झाला. वेगळी टाकी नको, भरण्याची आठवण नको, आणि तरीही इंजिन सुरक्षित, अशी सोय इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने दिल्यावर रस्त्यावरच्या मोटारीतून पाणी पुन्हा हद्दपार झाले, जसे ते पूर्वी शिशामुळे झाले होते.

शर्यतीच्या मैदानावर मात्र प्रत्येक गाडीमागे तंत्रज्ञांचा ताफा असतो आणि टाकी भरणे ही अडचण राहत नाही. रेनोने १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला दीड लिटरचे टर्बो इंजिन फॉर्म्युला वनमध्ये उतरवले आणि १९७९ मध्ये दिझों येथे पहिली शर्यत जिंकली, त्यानंतर प्रत्येक मोसमात दाब वाढत गेला, आणि नियमांनी पेट्रोलला १०२ ऑक्टेनची मर्यादा घातलेली असल्याने नॉकिंग हाच मुख्य शत्रू ठरला. फेरारीने १९८२ मध्ये आजिप कंपनीच्या साहाय्याने पेट्रोलमध्येच पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब घुसळून तयार केलेले मिश्रण वापरले. रेनोने १९८३ मध्ये आत जाणाऱ्या हवेत पाणी फवारले. टर्बो नसलेल्या संघांचा आक्षेप असा होता, की पाणी म्हणजे मागच्या दाराने वाढवलेले ऑक्टेनच आहे, पण नियामक संस्थेने तो मान्य केला नाही. फेरारीने १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षे संघांचे विजेतेपद पटकावले.

१९८४ मध्ये या प्रकरणाला विचित्र वळण लागले. टिरेल संघाच्या गाडीत टर्बो नव्हता, जुने कॉसवर्थ इंजिन होते, तरी त्यात पाण्याच्या फवाऱ्याची टाकी होती, आणि शर्यत संपत आली की तीत पाणी व शिशाचे छर्रे दाबाने भरले जात. हलकी गाडी पळवून शेवटी नियमातील किमान वजन गाठण्याचा हा मार्ग आहे, असा आरोप झाला. डेट्रॉइटच्या शर्यतीत मार्टिन ब्रंडल दुसरे आल्यानंतर घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात हायड्रोकार्बन सापडल्याचे नियामक संस्थेने सांगितले, संघाने गैरप्रकार नाकारला, आणि अखेर त्या मोसमातील टिरेलचे सर्व गुण रद्द झाले. त्या वेळी नियमबदलांवरून टर्बोवाले आणि बिनटर्बोवाले यांच्यात तीव्र संघर्ष चालू होता, हे लक्षात घेतले तर शिक्षेच्या कठोरपणाचे आश्चर्य कमी होते. दरम्यान पाण्याची गरजच सरत आली होती. बीएमडब्ल्यूसाठी बीएएसएफच्या रसायनतज्ज्ञांनी टोल्युईनने समृद्ध असे इंधन तयार केले, जे कागदोपत्री १०२ ऑक्टेनच्या मर्यादेत बसे आणि प्रत्यक्षात प्रचंड दाब सहन करी. इंधनानेच पाण्याला बाजूला सारण्याची ही दुसरी खेप होती.

एकविसाव्या शतकात पाणी परतले ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. जादा पेट्रोल सोडून इंजिन थंड ठेवण्याची जुनी सवय आधुनिक टर्बो गाड्यांतही वेगात टिकून होती, आणि तशा मिश्रणात धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नीट काम करत नाही. बीएमडब्ल्यूने २०१६ मध्ये मर्यादित संख्येत विकलेल्या एम४ जीटीएस या मोटारीत पाच लिटरची पाण्याची टाकी, दहा बारच्या सुमाराचा पंप आणि हवेच्या मुख्य कक्षात तीन नोझल बसवले. त्यामुळे साध्या एम४ च्या ४३१ ऐवजी ५०० अश्वशक्ती मिळाली. इंजिन बंद केल्यावर नळ्यांतील पाणी टाकीत परत खेचले जाते म्हणजे हिवाळ्यात ते गोठून नळी फुटत नाही, आणि टाकी रिकामी झाली तर संगणक दाब उतरवतो व ठिणगी मागे घेतो. ही यंत्रणा पुरवणाऱ्या बॉश कंपनीने त्याच वर्षी असेही जाहीर केले, की वेगाने गाडी चालवताना पेट्रोलची १३ टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, शंभर किलोमीटरला पाण्याचा खर्च काहीशे मिलिलिटर इतकाच येतो आणि सामान्य वापरात टाकी सुमारे ३,००० किलोमीटरनंतर भरावी लागेल.

म्हणजे जेटफायरच्या मालकाला पडलेले काम, कितीही विरळ झाले तरी, उरलेच होते. त्यावरचा उपाय बीएमडब्ल्यूने जुलै २०१५ मध्ये तीन सिलिंडरांच्या वन सिरीजच्या प्रायोगिक गाडीत दाखवला होता: एअर कंडिशनर हवेतील ओलाव्याचे द्रवीभवन करून जे पाणी रस्त्यावर ठिबकवून टाकतो, तेच गोळा करून टाकीत साठवायचे. उष्ण आणि दमट हवेत, म्हणजे नॉकिंगचा धोका जिथे सर्वाधिक असतो तिथेच, हे पाणी भरपूर मिळते. कोरड्या किंवा थंड हवेत एअर कंडिशनरमधून ते जवळजवळ निघत नाही, आणि अशा प्रदेशांत टाकी हाताने भरण्याची सोय ठेवावीच लागते.